कार्डाखालची फीत

त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि बँकेला ठाऊक होतं. बाकी सगळ्या बाजाराच्या लेखी तो पक्कड. गेमिंग हॉलमधली जुनी मशिनं दुरुस्त करणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत, आणि त्यांतही जिथे बाकीचे हात टेकतात तिथे पक्कडला बोलावलं जातं. गंजून एकजीव झालेला स्क्रू असो की कनेक्टरमध्ये दात रोवून बसलेला बोर्ड असो, पक्कडचा हात लागला की तो सुटलाच पाहिजे. हे टोपणनाव त्याला आवडायचं. जरा जास्तच आवडतं, असं बायको म्हणायची. आणि ती सहसा बरोबर असायची.

त्या सकाळी हत्यारांची पेटी घेऊन तो चपलांच्या दुकानावरचा जिना चढला आणि तिथल्या हॉलमध्ये पहिल्यांदाच शिरला. हॉल अजून गिऱ्हाइकांना उघडला नव्हता. भिंतीला पाठ लावून मशिनं अंधारात उभी होती, आणि कोपऱ्यातल्या एकाच मशीनवर दिवा होता. त्याच्यासमोर हॉलवाले काका स्टूल टाकून बसले होते, आजारी माणसाच्या उशाशी बसतात तसे. मागे काचेच्या काउंटरपलीकडे काकू फाटक्या गादीला ठिगळ लावत होत्या. गळ्याभोवती पातळ रुमाल गुंडाळलेला.

"बऱ्या आहात ना काकू?" पक्कडने विचारलं.

काकू हसल्या आणि बोटातलं अंगुस्तान त्यांनी काचेवर एकदा आपटलं. टक्. पक्कडला वाटलं, हात लागला असेल.

"हे बघ," काका मशीनकडे बोट दाखवून म्हणाले. "चित्र दिसतं. दांडे चालतात. आवाज तेवढा गेलाय."

पक्कडने मशीनकडे नीट पाहिलं आणि हातातली हत्यारं तशीच राहिली. "अहो काका! ही तर पेटी!"

कारखान्याने त्या खेळाला काय भारदस्त नाव दिलं होतं ते आता कुणाच्याच लक्षात नाही. पोरं त्याला पेटी म्हणायची. समुद्राच्या तळाशी एक पेटी, तिला दोन दोर, आणि खेळणाऱ्याच्या हातात दोन दांडे. दोन्ही दांडे अगदी एका वेळी वर ओढायचे. एक जरी केसभर आधी हलला तरी पेटी कलंडलीच. खेळ साधा होता, पण पोरांना वेड लावलं होतं ते त्यातल्या बाईने. ती कधी दिसायची नाही, फक्त बोलायची. आधी विचारायची, "तयार?" मग जरा थांबून, "अलगद... अलगद..." आणि मग एकदम, "आणि वर!" त्या 'वर'ला असा काही हेल होता की पोरांचे खांदेही वर जायचे. पेटी कलंडली की रागवायची नाही. म्हणायची, "असू दे. पुन्हा बघू."

लहानपणी आपल्या गल्लीतल्या हॉलमध्ये पक्कडने हा आवाज इतका ऐकला होता की तो त्याच्या डोक्यात कायमचा मुक्कामाला आला होता. परीक्षेत आपटला तेव्हा घरच्यांनी तोंडसुख घेतलं, आणि डोक्यातली ती बाई म्हणाली, असू दे, पुन्हा बघू. पहिलं दुकान बुडालं तेव्हाही तेच. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. चारचौघांत सांगण्यासारखं ते नव्हतंच.

"मला वाटलं होतं, एकही शिल्लक नाही," तो म्हणाला. "सगळी भंगारात गेली."

"हे एकच आहे," काका म्हणाले.

पक्कडने मशीनचं मागचं दार उघडलं आणि टॉर्च लावला. आत पाहताच त्याच्या तोंडून नकळत "अरेरे" निघालं. मोठ्या बोर्डवरची छोटी बॅटरी कधीतरी गळली होती. तिचं पाणी बोर्डवर पसरून शेवाळासारखा हिरवट थर धरला होता, आणि तो थर हळूहळू सरकत एका लहान कार्डाच्या पोटाखाली शिरला होता. हे आवाजाचं कार्ड. मोठ्या बोर्डवर ते आडवं बसवलेलं होतं, दोन्ही लांब कडांना एकेक कनेक्टर. खालच्या बोर्डच्या पिना कार्डाच्या कनेक्टरांत घुसलेल्या, आणि मधे काडीभर उंचीचा बोगदा.

"काका, खरं सांगू?" पक्कड गुडघे झाडत उठला. "याच्यामागे लागू नका. ह्याच खोक्यात नवा बोर्ड टाकून देतो. शेकडो खेळ येतात त्यात. आवाज तर असा, की खालचा चपलावाला वर येईल भांडायला."

"मला शेकडो नको आहेत. मला हा आवाज पाहिजे."

"आवाज काय हो, आवाज कसलाही..."

"तो हिचा आहे," काका म्हणाले आणि त्यांनी काउंटरकडे पाहिलं.

पक्कडला आधी कळलंच नाही. मग त्याने काकूंकडे पाहिलं. त्या मान खाली घालून ठिगळाला टाका घालत होत्या, आणि त्यांचे कान लाल झाले होते, कौतुक झाल्यावर लहान मुलीचे होतात तसे.

"म्हणजे... तयार? ती?"

"तीच. लग्नाआधी ही त्या कारखान्यात बोर्ड जोडायला होती. खेळासाठी हिचा आवाज तिथेच भरून घेतला होता." काका सावकाश बोलत होते. "नंतर घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. त्या वेळी घरोघरी मोबाइल नव्हते. आवाज साठवून ठेवायचा असतो हे कुणाला सुचतंय? आणि हे मशीन होतंच की रोज बोलायला. सकाळी हॉल उघडला की आधी हे सुरू करतो. ती विचारते, तयार? मी म्हणतो, तयार. मग बाकीची मशिनं." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "परवा सुरू केलं, तर काहीच नाही. मी आपला येड्यासारखा उभा."

पक्कडच्या अंगावर काटा आला. ज्या बाईने त्याला उभ्या आयुष्यात कितीदा तरी सावरलं होतं, ती तिथे बसून गादीला ठिगळ लावत होती! नमस्कार करावा की पाया पडावं हे त्याला समजेना. शेवटी तो नुसताच खुळ्यासारखा हसला, आणि काकूही हसल्या.

आता काम करणं आलंच. पक्कडने मोठा बोर्ड अलगद बाहेर काढून काउंटरवर उजेडात ठेवला आणि भिंग डोळ्याला लावलं. आवाज ज्या चिपमध्ये होता ती अजून सुखरूप दिसत होती, पण हिरवा थर तिच्या पायांपासून फार दूर नव्हता. कार्ड उचलून खालची घाण धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आज नाही उचललं तर ते पाणी चिपलाही खाणार, आणि मग तो आवाज जगात कुठेच राहणार नव्हता.

उचलायचं कसं, हा प्रश्न होता. कनेक्टर मुळातच घट्ट, त्यात वर्षानुवर्षांचा गंज. प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवून आधी एक टोक जरासं उचलायचं, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं, असं डोलवत डोलवत कार्ड काढायचं ही धंद्यातली साधी रीत. पण या कार्डाचा दाबलेल्या कागदाचा पत्रा इतका ठिसूळ झाला होता की पट्टी नुसती टेकवली तर कोपऱ्याचा भुगा पडला. एका टोकाला जोर लावला की दुसऱ्या टोकाचे वीज वाहणारे तांब्याचे रस्ते सालीसारखे सोलून निघणार हे उघड होतं. गरम हवा मारून पाहिली, तेल सोडून पाहिलं. कार्ड ढिम्म हललं नाही. पक्कडच्या कपाळावर घाम आला. पकड सुटत नाही असं काही त्याच्या हाताला क्वचितच लागायचं, आणि लागलं ते नेमकं आज.

तेवढ्यात त्याला बोगद्याच्या तोंडाशी एक मळकी चिंधी दिसली. उशीच्या अभ्र्याला बांधायला लावतात तसल्या सुती फितीचं टोक होतं ते, बॅटरीच्या बाजूला बाहेर आलेलं, पाणी पिऊन हिरवं पडलेलं. आधीच्या कुण्या कारागिराने धूळ अडवायला कोंबली असणार, पक्कड मनात म्हणाला. आणि कापड म्हणजे ओल ओढणारच! बॅटरीचं पाणी आत गेलं ते या चिंधीतूनच. त्याने कटर उचलला.

टक् टक्.

काकूंनी अंगुस्तान काचेवर दोनदा आपटलं होतं. पक्कडने वर पाहिलं. काकू त्याच्याकडेच बघत होत्या.

"चहा नको काकू, आत्ताच घेऊन आलोय," पक्कड अदबीने म्हणाला आणि त्याने फितीचं टोक कार्डाच्या कडेला लागून साफ कापून टाकलं.

काकूंनी कपाळाला हात लावला. शेजारच्या मशीनचा पडदा पुसत असलेले काका धावत आले. "काय झालं? ती दोनदा वाजवते म्हणजे नको! एकदा हो, दोनदा नको. तुला सांगितलं नव्हतं का मी?"

"नाही," पक्कड म्हणाला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "मी... ही चिंधी तेवढी कापली."

काकू काउंटरला वळसा घालून आल्या. कापलेला तुकडा उचलून त्यांनी पक्कडच्या डोळ्यांसमोर धरला, मग कार्डाच्या कडेकडेने बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवलं, आणि दोन्ही हातांच्या चिमटींनी हवेत काहीतरी वर उचललं. झोपलेलं पोर झोळीसकट उचलावं तसं.

 पक्कडने भिंग घेतलं, बोर्ड फिरवला आणि बोगद्याच्या दुसऱ्या तोंडात डोकावला. तिथेही फीत होती. स्वच्छ, पांढरी, नीट गुंडाळी करून व्हार्निशच्या थेंबाने कडेला चिकटवलेली. ती चिंधी नव्हतीच. कार्ड बसवतानाच कुणीतरी त्याच्या पोटाखालून आरपार घातलेली ती फीत होती, कधीतरी, कुणालातरी हे कार्ड पुन्हा उचलावं लागेल म्हणून. दोन टोकं दोघांनी धरून सरळ वर उचललं की कार्डाला कुठेच बाक येणार नाही, एका पिनेवरही जास्त ताण येणार नाही.

"हे... तुम्ही घातलंय?"

टक्, काकूंनी बोर्डशेजारी काचेवर वाजवलं.

"ही आणि हिच्या बाकावरच्या बायका," काका म्हणाले. "ही मशिनं ट्रकमधून हादरे खात जायची, म्हणून कनेक्टर घट्ट ठेवायला सांगायचे. बायका म्हणायच्या, घट्ट बसवू, पण काढणाऱ्याचे हाल नकोत. घरून फीत आणायच्या."

पक्कडने कटर हत्यारांत ठेवून दिला. इतकी वर्षं त्याने हजारो बोर्ड ओढले होते, उपटले होते, बसवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडली होती. ज्यांनी ते बसवले त्यांनी कधी याच्यासारख्या परक्या माणसाचा विचार केला असेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तो विचार हातात आला तेव्हा त्याने कटर लावला! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, मी घाण करून ठेवली हो."

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हवेत हात असा हलवला की त्या हलवण्यालाही एक हेल होता. असू दे. पुन्हा बघू. पक्कडने ते कानांनी ऐकलं नाही, पण ऐकलंच.

काकूंनी शिवणाचा डबा आणला. त्यातून पांढऱ्या फितीचं नवं रीळ काढलं आणि क्रोशाची सगळ्यात बारीक सुई. नखाने व्हार्निशचा थेंब उडवून त्यांनी चांगल्या बाजूची गुंडाळी मोकळी केली आणि त्या टोकाला नवी फीत शिवली, टाके इतके बारीक की जोड बोटाला लागू नये. मग बोर्ड फिरवून कापलेल्या बाजूला आल्या. तिथे फीत कार्डाच्या कडेच्या आत होती. चिमटा पोचत नव्हता. काकूंनी श्वास धरला, क्रोशाची सुई आत घातली, जराशी फिरवली आणि मागे घेतली. आकड्यात अडकून हिरवं टोक बाहेर आलं. पक्कडने दोन्ही हात मागे बांधून घेतले होते, मधे काही करून बसू नये म्हणून.

मग काकू ती जुनी फीत तसूतसूने ओढू लागल्या. एका बाजूने कुजकी फीत बाहेर येत होती आणि तिच्या मागोमाग, तिचंच बोट धरून, नवी फीत बोगद्यात शिरत होती. मधे एकदा ती अडली. काकूंनी ओढलं नाही. थांबल्या, मागे सोडली, पुन्हा बोलावली. आली. जोड बाहेर दिसला तेव्हा काकांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी मोठ्याने उसासा टाकला, तर काकूंनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं.

आता कार्डाच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या फितीची टोकं होती. एक काकूंनी धरलं. दुसरं धरायला काकांनी हात पुढे केला, पण त्यांना ते टोक चिमटीत नीट धरता येईना. काकूंनी मान हलवली आणि पक्कडकडे पाहिलं.

"चाचणीत बिघडलेलं निघालेलं कार्ड दोघींनी एका क्षणाला उचलायचं असायचं," काका बाजूला होत म्हणाले. "म्हणून ही हाळी द्यायची. सगळ्या बाकांवर हिच्याच हाळीने कार्डं उचलायच्या. आता हाळी कोण..." ते थांबले. "मी देऊ?"

टक् टक्.

पक्कडने फीत दोन्ही चिमटींत धरली. त्याच्या हातांना ताकदीची सवय होती, थांबण्याची नव्हती. त्याने काकूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काकूंनी ओठ हलवले. आवाज नाही, नुसते ओठ. आणि पक्कडच्या काळजाचा ठोका चुकला, कारण त्याला शब्द कळले.

तयार?

हाळी तीच होती! खेळ नंतर आला होता, त्याआधी हा बाक होता. समुद्र, पेटी, दोन दोर, दोन दांडे, सगळं इथूनच उचललेलं होतं. कारखान्यातल्या त्या बाकासमोरून जाताना कुण्या डोकेबाज माणसाने दोन बायकांना एक कार्ड उचलताना पाहिलं असेल, ही हाळी ऐकली असेल, आणि पुढे गावोगावची पोरं दांडे धरून तेच करत राहिली, काय करतोय ते न कळता. तोही करत होता. त्याला वाटलं होतं, आपण खेळतोय. हे काम त्याला लहानपणीच शिकवून ठेवलं होतं, आणि शिकवणारी समोर उभी होती.

त्याने मान हलवली. तयार.

काकूंचे ओठ हलले. अलगद... अलगद... फीत ताणली गेली. पक्कडला त्या थांबण्याची लांबी माहीत होती, प्रत्येक श्वासाची जागा माहीत होती. काकूंच्या भुवया किंचित वर गेल्या, आणि डोक्यातल्या बाईने तो जुना हेल काढला: आणि वर!

दोघांचे हात एकदम वर गेले. कुठे कट्ट झालं नाही, कुठे चर्र झालं नाही. घट्ट आवळून बसलेले दोन्ही कनेक्टर एका दमात सुटले आणि कार्ड हवेत आलं, फितीच्या झोळीत, सरळ, सगळ्या पिना शाबूत. पक्कडने आयुष्यात पुष्कळ बोर्ड काढले होते. हा पहिला होता जो त्याने काढला नव्हता, जो आपण होऊन आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पुढचं काम त्याचं नेहमीचं होतं. आधी चिपमधला आवाज त्याने लॅपटॉपवर उतरवून ठेवला, मग गळकी बॅटरी उपटली, हिरवा थर ब्रशने धुतला, खालचे दोन खाल्लेले रस्ते बारीक तारेने जोडले. कार्ड परत बसवताना काकूंनी त्याच्याकडून फीत घालून घेतली. तिची टोकं त्याने स्वतः गुंडाळली आणि व्हार्निशचा थेंब लावला. पुढचा कारागीर कोण असेल देव जाणे. तो कटर घेऊन येऊ नये म्हणून पक्कडने शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं: कापू नका.

बोर्ड मशीनमध्ये गेला. काका मशीनसमोर उभे राहिले, रोज सकाळी राहायचे तसे, केस सारखे करून. पक्कडने बटण दाबलं. पडद्यावर समुद्र उजळला. स्पीकर थोडा खरखरला, गप्प झाला. 

"तयार?"

तरुण, खणखणीत, जरासा हसरा आवाज. सगळा हॉल त्याने भरून गेला. पक्कडच्या मानेवरचे केस उभे राहिले. डोक्यातला आवाज आणि कानातला आवाज, दोन्ही एकच होते, काडीचाही फरक नव्हता.

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ओठ हलले, गळा हलला, पण त्यांच्या घशातून काही निघेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. नाही. मशीन वाट बघत होतं. काकांनी हतबल होऊन मागे वळून पाहिलं.

काउंटरपलीकडे काकूंनी अंगुस्तानाचं बोट उचललं आणि काचेवर एकदा वाजवलं.